खानदानी अळी

आमचे सर अळ्यांना नावानं हाक मारत नसत, एवढीच काय ती कसर राहिली होती. बाकी लाड म्हणाल तर कशातच कमी नव्हते. अळ्यांच्या खोलीत बारा महिने सव्वीस अंशांवर एसी. वीज गेली की इन्व्हर्टर आधी त्यांना, मग आम्हाला. भर मे महिन्यात आम्ही वहीनं वारा घेत बसलेलो असायचो आणि भिंतीपलीकडं अळ्या गारव्यात खाऊन सुस्तावलेल्या असायच्या. कुणी कुरकुर केली की सर म्हणायचे, "तुम्ही उद्या राजीनामा दिलात तर तुमच्या जागी दुसरं कुणी येईल. यांच्या जागी कोण येणार आहे?"

हा प्रश्न ते गंमत म्हणून विचारत नसत. त्यांना खरोखर वाटायचं की याला उत्तर नाही.

आधी कामाचं सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी वेड्यांच्या इस्पितळात नोकरीला होते. नगरच्या बाहेर एका संस्थेची लहानशी प्रयोगशाळा आहे. तिथं घाटे अळी पाळतात. हरभऱ्याच्या घाट्यात तोंड खुपसून, अर्धं अंग बाहेर ठेवून दाणा फस्त करते, तीच ही अळी. तिला एका विषाणूचा रोग होतो. आम्ही तो रोग मुद्दाम लावायचो, मेलेल्या अळ्या वाटून गाळून त्याचं औषध करायचो आणि शेतकऱ्यानं ते हरभऱ्यावर फवारायचं. विषारी काही नाही, माणसाला अपाय नाही, असं हे चांगलं औषध आहे. त्यासाठी अळ्या लागतात, म्हणून त्या पाळायच्या. सर त्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काढली. काढली हाच शब्द बरोबर आहे.

अळ्यांच्या दारावर एक काळा फळा होता. त्यावर फक्त एक आकडा. पिढी एकशे बत्तीस, एकशे तेहेतीस, असा. पतंगांनी अंडी घातली की सर स्वतः खडू घेऊन आकडा बदलायचे, हात झटकायचे आणि दोन पावलं मागं सरून बघायचे. सगळ्या पिढ्या एकाच घराण्यातल्या. चौदा वर्षांपूर्वी एकदाच शेतातून अळ्या आणल्या होत्या, त्यानंतर बाहेरचा एक पतंग आत आला नव्हता. दर दोन-तीन वर्षांनी शेतातले थोडे किडे आणून पाळीव किड्यांत मिसळावेत, नाहीतर पाळीव किडे हळूहळू वेगळेच होऊन बसतात, हे कीटकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. सरांनीही ते शिकवलेलं होतं. पण स्वतःच्या खोलीत त्यांना ते चालत नसे. शेतातल्या अळीचा विषय काढला की ते नाक मुरडायचे. "उकिरड्यावरची पोरं आहेत ती," म्हणायचे. "काय खातात, कुणाशी जमवतात, ठिकाण नाही."

मंदाताई म्हणून आमच्याकडं अळ्यांचं खाणं करणाऱ्या बाई होत्या, पारनेरकडच्या. डाळीचं पीठ, यीस्ट, जीवनसत्त्वं आणि घट्ट व्हायला अगरची पूड, असं सगळं शिजवून त्या ताटात थापायच्या आणि वड्या पाडायच्या. एका बाटलीत एक वडी आणि एक अळी, कारण दोघी एकत्र ठेवल्या तर एक दुसरीला खाते. खाणं टिकावं म्हणून औषधं घालायच्या आधी सर त्यातला चमचाभर लगदा स्वतः चाखायचे. डोळे मिटून, जिभेवर घोळवून. मग म्हणायचे, "मंदाताई, पीठ मागच्या आठवड्याचं आहे." आणि संताप यायचा तो याचा, की ते मागच्या आठवड्याचंच असायचं.

मंदाताई मला एकदा म्हणाल्या होत्या की त्यांच्या घरात भाजी कशी झालीय हे सांगायला सुद्धा नवरा तोंड उघडत नाही आणि इथं अळीच्या जेवणाला चव बघणारा माणूस आहे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला आजवर कळलेलं नाही.

खोलीत शिरायचं म्हणजे लाल औषधाच्या पाण्यात पाय बुडवायचे, चप्पल बदलायची, हात कोपरापर्यंत धुवायचे. हे ठीकच होतं. पण हिवाळ्यात हरभरा उभा राहिला की सरांचं डोकं फिरायचं. ज्यांच्या घरी शेत आहे त्यांनी कामावर आल्यावर आधी अंघोळ करायची, असा त्यांनी कागद काढला होता. आमच्यातल्या दोघातिघांखेरीज सगळ्यांच्याच घरी शेत होतं. पौषातल्या सकाळी आमचा शिपाई मोटारीच्या थंड पाण्यानं कुडकुडत अंघोळ करताना मी पाहिलेला आहे. हरभऱ्याचे ढाळे आवारात आणायला बंदी होती. एकदा मी येताना एसटी स्टँडवरून हरभऱ्याची एक जुडी घेऊन आले, घरी जाताना सोलून खाऊ म्हणून. सरांनी ती पिशवीसकट फाटकाबाहेर नेऊन जाळली आणि मला दोन दिवस खोलीत येऊ दिलं नाही. घाटे अळीच्या प्रयोगशाळेत हरभऱ्याला मज्जाव होता. मी हे कुणाला सांगते तेव्हा लोकांना वाटतं की मी तिखटमीठ लावतेय.

न्यायानं सांगायचं तर त्यांच्या या भीतीला एक कारण होतं. ते तरुण असताना कुणीतरी शेतातल्या अळ्या तपासणी न करता आत आणल्या होत्या. त्यांच्याबरोबर रोग आला आणि दोन दिवसांत खोलीतल्या सगळ्या अळ्या काळ्या पडून, उलट्या लोंबकळून, पाणी होऊन गळाल्या. सर त्या दिवशी रडले होते असं म्हणतात. ज्या रोगानं त्यांना रडवलं तोच पुढं त्यांनी बाटलीत भरून विकला. पण एकदा भाजलं म्हणून माणसानं जन्मभर चूल पेटवायची नाही, हे काय शहाणपण झालं? बाहेरचे किडे वेगळ्या खोलीत ठेवता येतात, तपासता येतात, एक पिढी वाट बघता येते. मला हे त्यांना सांगायचं होतं. दोनदा सांगितलंही. दोन्ही वेळा त्यांनी मला चहा मागवला आणि विषय बदलला.

एकदा मात्र बाहेरचा एक आला. उघड्या राहिलेल्या खिडकीतून, दिव्याच्या मागं, एक रानातला पतंग सरळ आत. संध्याकाळची साडेसहाची वेळ, आम्ही निघण्याच्या बेतात. तो पतंग असा काही घिरट्या घालत होता की डोळा ठरत नव्हता. छताला, ट्यूबला, कपाटाला, सरांच्या टकलाला. सर एका हातात चप्पल घेऊन खुर्चीवर चढले. त्या धावपळीत त्यांच्याच धक्क्यानं पतंगांचा एक पिंजरा टेबलावरून पडून उघडला. म्हटलं, आता दीडशे पतंग खोलीभर होणार. कसलं काय. ते चालत बाहेर आले. जमिनीवर. दोघाचौघांनी पंख फडफडवले, वीतभर उडाले आणि पुन्हा बसले. मंदाताईंनी ते सुपलीनं गोळा केले.

सरांनी रानातला पतंग अखेर मारला, खोली तीन दिवस बंद ठेवली, फरशी चार वेळा पुसून घेतली. आपले पतंग उडत का नाहीत, हा प्रश्न त्यांना पडला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "शिस्त आहे त्यांना."

पुण्याहून एक मुलगी आली होती, तिच्या पीएच.डी.साठी. तिला पाळीव अळ्यांची आणि शेतातल्या अळ्यांची जनुकं ताडून बघायची होती. आमच्या काही अळ्या तिनं स्पिरिटमध्ये घातल्या, पारनेर, कर्जत, जामखेड अशा तालुक्यांतून रानातल्या गोळा केल्या आणि घेऊन गेली. आठ-नऊ महिन्यांनी तिचा अहवाल आला. तिनं सोप्या भाषेत एक पानही लिहून दिलं होतं. रानातल्या अळ्यांमध्ये आठवडी बाजारासारखी गर्दी आहे, तऱ्हेतऱ्हेची जनुकं. तुमच्या अळ्या मात्र सगळ्या एका साच्यातल्या. पिढ्या सरता सरता बरीच जनुकं गळून गेलीत. विष पचवणारी, रोगाला तोंड देणारी, नाना झाडांचा पाला पचवणारी जी जनुकं रानात दिसतात, ती तुमच्याकडं एकतर नाहीत किंवा निपचित पडून आहेत. तेव्हा तुमच्या अळ्यांवर घेतलेल्या चाचण्या शेताला लागू करताना जपून. शेवटचं वाक्य तिनं अधोरेखित केलं होतं.

मला वाटलं, आता तरी. सरांनी ते पान दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग मला म्हणाले, "बघ. विज्ञानानं मान्य केलं. आपली जात वेगळी झाली." आणि ते पान लॅमिनेट करून फळ्याशेजारी लावलं. पाहुणे आले की ते दाखवायचे. खानदानी अळी हा शब्द त्यांनी तेव्हापासून वापरायला सुरुवात केली. अधोरेखित वाक्यावर लॅमिनेशनचा बुडबुडा आला होता, एवढंच.

त्यानंतर त्यांना औषधाचं प्रमाण कमी करायचा झटका आला. बाटलीवर एकरी जेवढं माप लिहिलेलं होतं, त्याच्या निम्म्यातच आपल्या अळ्या मरतात, असं त्यांच्या लक्षात आलं. चाचणी पुन्हा केली, तिसऱ्यांदा केली. निम्म्यात मरतातच. सरांच्या मते याचा अर्थ एकच होता, की आपला विषाणू दुप्पट जालीम आहे. अळ्याच निम्म्या ताकदीच्या राहिल्यात हा दुसरा अर्थ भिंतीवर लॅमिनेट करून टांगलेला होता. सरांनी लेबल बदलून घेतलं. निम्मं माप. एका बाटलीत दुप्पट शेत होणार म्हणून संस्थेत पेढे वाटले गेले. सरांनी मेळाव्यात भाषण केलं. स्टेजवरून. गेल्या कित्येक वर्षांत त्यांचा आणि शेतकऱ्याचा संबंध स्टेजवरूनच येत होता.

आता भागूआत्याचं सांगते. ही माझ्या वडिलांची बहीण, मिरजगावपासून पाचसहा किलोमीटरवर राहते. काळी रानं, पाण्याची बोंब. आत्याकडं एक गावरान हरभरा होता. बारीक, तांबूस, सुरकुतलेला दाणा, बाजारात कुणी ढुंकून बघणार नाही असा. पण पेरला की मग एक थेंब पाणी मागत नसे. आत्याच्या सासूनं तो तिच्या हाती दिला होता आणि चाळीस वर्षं आत्या दर हंगामात रानातून चांगली झाडं हेरून, त्यांना चिंधी बांधून, त्यांचंच बी धरत होती. आसपास कुणाकडं तो उरला नव्हता. हरभरा दुसऱ्या वर्षाला ठेवला की भुंगा लागतो, म्हणून असेल तेवढं बी ती त्याच वर्षी पेरायची. म्हणजे लेबल बदललं त्या हिवाळ्यात जगात तो हरभरा कुठं उरला असेल तर तो फक्त आत्याच्या दीड एकरात उभा होता.

आत्या अळीसाठी आजवर जे करायची ते जुनंच. रानात पक्षी बसायला काठ्या रोवायच्या, सकाळी झाडं हलवून अळ्या खाली पाडायच्या, लिंबोळीचा अर्क मारायचा. त्या वर्षी ढगाळ हवा पडली, अळी फार झाली. आत्या दुकानातलं जहाल औषध आणायला निघाली होती. मी तिला अडवलं. म्हटलं, आमचं घे, मी स्वतः बनवते ते. तिनं विचारलं, "नक्की मरतीय का अळी?" मी म्हटलं, मरते.

तिनं सगळं बरोबर केलं. ऊन उतरल्यावर फवारलं. उन्हानं विषाणू मरू नये म्हणून पाण्यात नीळ घातली, अळीनं पाला आवडीनं खावा म्हणून गूळ घातला, झाडाचा कोपरानकोपरा भिजवला. माप लेबलाप्रमाणं, मी वाचून सांगितलं होतं तेवढंच. आठवड्यानं तिनं मला फोटो पाठवला. घाट्याला भोक आणि भोकात अळी, चांगली टम्म. मी म्हटलं, थांब, या औषधाला वेळ लागतो. पुन्हा फवार. तिनं पुन्हा फवारलं. पुन्हा आठवडा गेला. मग तिचा फोन आला. ती भांडली नाही. म्हणाली की निम्मं रान गेलंय, आणि तू एकदा येऊन बघून जा.

मी जाऊन आले आणि सरांसमोर उभी राहिले. म्हटलं, माप चुकलंय. सर म्हणाले की मापं चुकत नसतात, शेतकरी चुकतात. मी म्हटलं, मग शेतातल्या अळ्या आणते, दोन्ही शेजारी ठेवून बघू. म्हणाले, ती घाण या इमारतीत येणार नाही. मी म्हटलं, मग आपल्या अळ्या तिकडं नेऊ. बहुधा त्यांना अपमान वाटला असावा, पण नाही म्हणणं हा त्याहून मोठा अपमान झाला असता. म्हणाले, "ठीक आहे. एकदाच दाखवून देऊ."

मग ती वरात निघाली. थर्माकोलच्या खोक्यात चाळीस बाटल्या, चाळीस खानदानी अळ्या, जीपमध्ये सरांच्या मांडीवर. खड्डा आला की सर खोकं वर उचलायचे. वाटेत मिरजगावला चहाला थांबलो तेव्हा खोकं त्यांनी जीपमध्ये ठेवलं नाही, हॉटेलात टेबलावर घेतलं. शेतात उतरले ते पांढऱ्या बुटांत आणि नाकाला रुमाल लावून. हरभऱ्याच्या पाल्यावर आंब धरते, ती आंबट दवासारखी असते आणि कापड, चामडं काहीही खाते. आत्यानं त्यांना बूट काढायला सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

चार जागी झाडांवर मलमलच्या जाळ्या बांधल्या. पहिलीत सरांच्या वीस अळ्या, दुसरीत आत्याच्या रानातल्या वीस. दोन्हींवर लेबलाच्या मापानं औषध. तिसरीत पुन्हा सरांच्या वीस, चौथीत रानातल्या वीस, आणि या दोन्हींवर नुसतं पाणी. नुसत्या पाण्याचा गट हवाच, हा आग्रह सरांचा. त्याशिवाय प्रयोगाला अर्थ नाही, हे त्यांनी आत्याला पाच मिनिटं समजावून सांगितलं. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं. तिनं फक्त मला विचारलं की यांच्या प्रयोगाला तिनं जी चार चांगली झाडं दिली, त्यांचं बी गेलं ना? मी मान हलवली.

पाचव्या दिवशी आम्ही परत गेलो. आधी रानातल्या अळ्यांच्या जाळ्या सोडल्या. औषध मारलेल्यांतल्या तीनचार मेल्या होत्या, बाकीच्या खाऊन जाड झाल्या होत्या. पाणी मारलेल्या जवळपास सगळ्या जिवंत, फक्त दोघीतिघींना दुसऱ्यांनी खाल्लं होतं. मग सरांची औषधाची जाळी. वीसच्या वीस मेलेल्या. सरांची छाती फुगली. "हे बघा बाई," ते आत्याला म्हणाले, "औषध खोटं नाही."

मग मी शेवटची जाळी सोडली, सरांच्या अळ्यांची, नुसत्या पाण्याची. त्यातही वीसच्या वीस मेलेल्या. वाळून काडी झालेल्या. पाल्याला दात लावल्याची खूण नाही. पौषातली रात्र, आंबेचा आंबट पाला आणि बुडाशी मुंग्या, यातलं काही त्यांच्या सात पिढ्यांनी काय, दीडशे पिढ्यांनी पाहिलं नव्हतं. एक हरभऱ्याचं झाड समोर होतं आणि ते खायचं असतं हे त्यांना कळलं नव्हतं.

आत्या वाकून बराच वेळ बघत होती. मग तिनं सरांना विचारलं, "सायब, ह्या पान्यानं मेल्या व्हय?"

सर जाळीची गाठ तपासत राहिले.

"न्हाई म्हनजे, पान्यानंच मरत असत्याल तर औषध कशाला मारायचं, म्हनून इच्यारते."

मला हसू आलं, आणि हसता येईना. सरांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. सगळीकडं एकदा नजर फिरवली. त्या दीड एकरात एक घाटा धड नव्हता, झाडाझाडावर अळ्या होत्या, आमच्या पायांवरून चढत होत्या. आणि सर आत्याला म्हणाले, "तुमच्या शेतातलं वातावरण अळीला पोषक नाही."

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. माणूस शुद्धीवर आहे ना, असं ते बघणं होतं. जीपमध्ये बसताना सरांच्या पांढऱ्या बुटांवर तपकिरी डाग पडलेले मला दिसले आणि मला फार बरं वाटलं. एवढ्यातेवढ्यात बरं वाटून घ्यायची मला सवयच लागली होती.

त्यांनी अहवालात लिहिलं, 'प्रक्षेत्रावरील परिस्थिती प्रतिकूल असल्याने निष्कर्ष काढता आला नाही.' लेबल तो हंगामभर तसंच राहिलं. पुढच्या जूनमध्ये सर निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्रात त्यांना शेतकऱ्यांचा मित्र म्हटलं होतं. शेतकऱ्याच्या अळीचा मित्र तरी म्हणायचं, पण तिलाही ते ओळखत नव्हते.

त्यांच्या जागी मला बसवलं. मी पहिल्या हिवाळ्यातच रानातल्या अळ्या आणल्या, वेगळ्या खोलीत ठेवल्या, तपासल्या आणि त्यांचे पतंग आमच्यात सोडले. आठवडाभर त्या पिंजऱ्यांत नुसता धुमाकूळ होता. कुणीतरी सरांच्या कानावर घातलं असावं. त्यांचा फोन आला. "चौदा वर्षं जपलं," म्हणाले. "तू बाटवलंस." मी म्हटलं, होय सर. आणि फोन ठेवून मंदाताईंना सांगून फळा पुसून घेतला. त्या दिवशी मला जिंकल्यासारखं वाटलं. ते मी लपवत नाही.

तोवर माप पूर्ववत केलं होतं. चाचण्या आता रानातल्या अळीवर घेत होतो. नव्या बाटल्यांतली पहिली मी आत्याकडं घेऊन गेले. तिच्या रानात हरभरा उभा होता. एकसारखा, गुडघाभर, हिरवागार, सगळी झाडं जुळी असावीत तशी. दुकानातलं बी. गावरानाचं काय झालं ते मी विचारलं. तिनं सांगितलं की मळणीला मिळून ओंजळभर दाणे निघाले होते, तेही किडके, पोचट. तिनं ते निवडून घरामागच्या परड्यात एकेक टोबले. सात उगवले. सातातला एकही वाढला नाही.

मी बांधावर बसून बोलायला लागले. सर कसे, त्यांचा फळा कसा, लगदा कसा चाखायचे, पतंग कसे चालत बाहेर आले, ते लॅमिनेट केलेलं पान. आत्तापर्यंत इथं लिहिलं ते सगळं. मी रंगात आले होते, नक्कलही केली. आत्या हसली नाही. तिनं बाटली हातात घेऊन फिरवली. तिला वाचता येत नाही. लेबलावर बोट ठेवून म्हणाली, हे काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. औषधाचं नाव, माप, गूळ, नीळ. खाली एक ओळ होती, तिच्यावर तिचं बोट येऊन थांबलं. मी वाचलं, 'चाचणी घेणार', आणि पुढं माझं नाव.

"मागल्या बाटलीवर कुनाचं हुतं?"

माझंच होतं. पहिल्या दिवसापासून माझंच असे. सर प्रमुख होते, चाचणीच्या कागदावर सही माझी लागायची. आणि ते निम्मं माप ठरलं तेव्हा मी सही करण्याआधी घरी, स्वयंपाकघरात, रानातल्या दहा अळ्यांवर ते मारून पाहिलं होतं. दहापैकी दोन मेल्या होत्या. हे मी कुणाला सांगितलं नाही. सरांशी वाद कोण घालणार, म्हणून सही केली. आणि आत्यानं विचारलं, नक्की मरते का, तेव्हा मरते म्हणाले.

हे सगळं मी बांधावर तिला सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "मंग सायबाला कशाला नावं ठिवत बसलीस इतका येळ? त्याला ठावं नव्हतं. तुला ठावं हुतं."

आत्या उठली, पंपात पाणी ओतलं, बाटलीतलं औषध मला मोजून द्यायला सांगितलं आणि पंप पाठीवर घेऊन रानात शिरली. औषध ती आता माझंच वापरते. चांगलं लागू पडतं, असं म्हणते. बी दरवर्षी दुकानातून आणते.